जुन्या गाडीचे नवे दागिने

विजयादशमीच्या सायंकाळी कोल्हापूरच्या दसरा चौकात सोने लुटण्याचा सोहळा होतो. छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार चौकात शिरली की गर्दीच्या माना आपोआप तिकडे वळतात. जर्मनीतील या कारखान्याने दोन महायुद्धांच्या दरम्यान साऱ्या मिळून सुमारे १,८०० मोटारी बांधल्या. अशा गाडीची एखादी चकचकीत पट्टी निखळली, तर ती कोणत्या दुकानात मागावी हा प्रश्नच उद्भवत नाही. ती त्या एका गाडीच्या अंगाला लावून, मोजून, घडवूनच घ्यावी लागते.

राजघराण्याच्या गाडीची ही अडचण एका अर्थी तिचे भाग्यच म्हणावे लागेल. पेढीच्या मागील गोदामात ताडपत्रीखाली उभी असलेली आजोबांची फियाट मात्र बाजाराच्या स्वाधीन असते. तिचे भाग ‘मिळतात’, आणि खरी अडचण तेथूनच सुरू होते.

या फियाटशी जैन व्यापारी घरांचे नाते केवळ वापरापुरते नाही. सोलापूरच्या दिगंबर जैन कुटुंबात १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून प्रथम अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या, आणि पुढे इटलीच्या फियाट कंपनीच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. वालचंदांचे निधन १९५३ साली झाले; ज्या गाडीने त्यांच्या कारखान्याचे नाव घरोघरी पोहोचवले, ती ‘फियाट ११००’ भारतात आली १९५४ साली. तिच्या गोलसर देहावरून लोकांनी तिला ‘डुक्कर फियाट’ म्हटले, तेही लाडानेच. त्यानंतर एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट, १९६४ची डिलाइट आणि अखेर प्रीमियर पद्मिनी अशी तिची वंशावळ वाढत गेली. मुंबईच्या रस्त्यांवरील शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीने ऑक्टोबर २०२३ मध्ये निरोप घेतला, तेव्हा अनेकांना आपल्या घरच्या गाडीची आठवण झाली असणार. आणि मग कोणीतरी ताडपत्री दूर करतो.

इंजिनाची चिंता बहुधा कमी असते. कोल्हापूर हे इंजिनांचेच गाव. उसाला पाणी देणाऱ्या ऑइल इंजिनांच्या दुरुस्तीतून आणि बांधणीतून शिवाजी उद्यमनगर उभे राहिले. तेथे १,०८९ सी.सी.चे फियाटचे इंजिन उघडणे हे काही दिव्य नव्हे. पत्राकामही होते, रंगही उत्तम लागतो. काम अडते ते शेवटच्या टप्प्यावर, म्हणजे गाडीच्या साजावर. समोरची जाळी, बंपर, दारांवरून जाणारे बीडिंग, काचेभोवतीची चौकट, डिकीवरचा मोनोग्राम, मागच्या दिव्यांची भिंगे, दारांची रबरे. मुंबईच्या ऑपेरा हाउस परिसरातून वा दिल्लीच्या काश्मिरी गेटमधून ‘ओरिजिनल टाइप’ म्हणून मागवलेला हा साज खोक्यातून बाहेर येतो तेव्हा झळाळत असतो; गाडीवर धरला की जाळीचे एक टोक बोटभर आत राहते, बीडिंग दाराच्या मध्यावर पोट काढते, आणि रबर बसवल्यावर दार लागेनासे होते. ताज्या रंगाला चरा पडतो तो याच वेळी.

हे असे का होते, याचे अर्धे उत्तर कोल्हापूरच्या फौंड्रीतील कोणताही पॅटर्नमेकर उभ्या उभ्या देईल. वितळलेली धातू थंड होताना आकसते. बिडाचे ओतकाम मीटरमागे सुमारे १० मिलिमीटर, तर ॲल्युमिनियमचे सुमारे १३ मिलिमीटर आखडते. म्हणून पॅटर्न मूळ वस्तूपेक्षा तेवढ्या प्रमाणात मोठा करावा लागतो. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या वसाहतीत ही गोष्ट शिकाऊ पोराला पहिल्या महिन्यात कळते. नकली भाग बनवणारा मात्र पुष्कळदा नवा पॅटर्न करण्याचा खर्च टाळतो आणि जुनाच भाग वाळूत दाबून त्याचा साचा घेतो. पाऊण मीटरची ॲल्युमिनियमची पट्टी अशा रीतीने ओतली तर ती जवळजवळ सेंटिमीटरभर आखूड निघणार, हे ठरलेलेच आहे. त्यावर तिला घासून, बफ करून चकाकी आणायची म्हणजे आणखी थोडी धातू गेली. पुढे कोणी त्या नकलेचीच नक्कल केली, तर दुसऱ्या पिढीत ती आणखी आखडते. बाजारात एकच जाळी तीन मापांत दिसते, त्यामागे हे एक कारण असते.

ओतीव नसलेल्या, पत्र्याच्या भागांचे दुखणे वेगळे. कारखान्यातील पोलादी डायमध्ये दाबलेला पत्रा दाब काढल्यावर किंचित मागे उसळतो. मूळ डाय करणाऱ्याने ती उसळी हिशेबात धरलेली असते. सिमेंटच्या वा फायबरच्या स्वस्त साच्यात पातळ पत्रा ठोकून घेतला की वळण सैल राहते. बंपरची कमान उघडी पडते आणि दोन्ही टोके मडगार्डपासून फटकून उभी राहतात.

क्रोमबद्दल तर गैरसमजच अधिक. डोळ्यांना दिसणाऱ्या चमकेचे श्रेय मुख्यतः खालच्या निकेलच्या थराला जाते. वरचा क्रोमचा थर एका मायक्रॉनहूनही पातळ असतो आणि त्याचे काम निकेलला निस्तेज होऊ न देणे एवढेच. खालची धातू खडबडीत असेल तर ती लपवण्यासाठी तांब्याचा जाड थर चढवतात. मग मोनोग्रामवरील अक्षरांच्या धारा बोथट होतात, बोल्टचे आटे भरून जातात आणि क्लिप बसायची खाच अरुंद होते. गुजरीतल्या सराफाला हे सांगावे लागणार नाही. मुलाम्याखालचे काम कसे आहे हे तो कडेवरून ओळखतो. मोटारीचा साज घेतानाही कडच पाहावी, मधला भाग सगळेच घासून आणतात.

तथापि सगळा दोष नकलेच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. उत्तराचा उरलेला अर्धा भाग गाडीतच दडलेला असतो. फियाट ११००ला वेगळी चासी नाही. तिचा सांगाडा आणि अंग एकच आहे. दारांखालचा पोकळ पत्रा गंजला की दाराची चौकट काही मिलिमीटर खाली बसते. कोल्हापूरचा पावसाळा आणि २०१९ व २०२१ सालचे पंचगंगेचे महापूर यांनी किती गाड्यांच्या पोटात पाणी आणि गाळ सोडला, हे शहराला ठाऊक आहे. त्यावर पन्नास वर्षांतील लहान-मोठे अपघात, प्रत्येक वेळी ठोकून भरलेली पुट्टी. मडगार्डवर तीन मिलिमीटर पुट्टी असलेल्या गाडीला अस्सल कंपनीची जाळी दिली तरी ती बसणार नाही. शिवाय मूळ गाड्याही एकमेकींच्या तंतोतंत जुळ्या नव्हत्या. त्या काळच्या कारखान्यात दार, बॉनेट, पट्टी हे सारे कामगार हाताने वाकवून, घासून त्या त्या गाडीला बसवत असत. एका फियाटचे अस्सल बीडिंग दुसऱ्या फियाटला नेमके लागत नाही, असा अनुभव जुने मेकॅनिक सांगतात तो यामुळेच. पट्टी परत पाठवण्याआधी गाडीच्या दोन्ही बाजूंची मापे घेऊन पाहिली तर पुष्कळदा भांडण दुकानदाराशी नसून जुन्या पुट्टीशी असल्याचे ध्यानात येते.

तिसरी गफलत निव्वळ नावाची असते. ‘फियाटची जाळी’ अशी मागणी करणाऱ्याला फियाटचीच जाळी मिळते. ती एलिगंटची की डिलाइटची, की शेवटच्या काळातील पद्मिनीची, हे खोक्यावर लिहिलेले नसते. अँबॅसडरच्या मालकांनाही हाच अनुभव येतो; १९६२च्या मार्क टूपासून तिची जाळी बदलली, पण दुकानातील मांडणीवर मात्र सगळ्या अँबॅसडर एकच. इटलीत तेथील ११००साठी नवे केलेले भाग मागवणारेही आहेत. मात्र दोन्ही देशांतील गाड्यांच्या वाटा पुढे वेगळ्या झाल्या. इटलीत ११०० बंद होऊन गेल्यावरही कुर्ल्यात ती कित्येक वर्षे निघतच होती. त्यामुळे तिकडचा भाग इकडच्या गाडीला बसेलच असे नाही, आणि बसला नाही तर तो परत पाठवण्याचा खर्चही भागाइतकाच.

इंग्लंडमध्ये या प्रश्नावर एक वेगळा उपाय निघाला. ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने जुने मूळ डाय गोळा करून १९८८ साली एम.जी.बी. या गाडीचा संपूर्ण सांगाडा पुन्हा बनवण्यास प्रारंभ केला. मूळ साच्यातून आलेला पत्रा आणि जुन्या पत्र्याच्या नकलेवरून केलेला पत्रा यांतील अंतर त्या गाड्यांच्या मालकांना तेव्हा प्रत्यक्ष दिसले. आपल्याकडील फियाटच्या मालकाला नकलेवरच भागवावे लागते. म्हणून नक्कल कोण करतो आणि काय सांगून विकतो, याला महत्त्व येते.

येथे व्यापाराच्या धर्माचा प्रश्न उभा राहतो. अचौर्याणुव्रताच्या पाच अतिचारांत हीनाधिक मानोन्मान आणि प्रतिरूपक व्यवहार हे दोन सांगितलेले आहेत. खोटे माप आणि खऱ्याच्या नावावर खोटी वस्तू. नक्कल करणे हा अतिचार नव्हे. ज्या गाडीचा कारखानाच राहिला नाही, तिच्यासाठी कोणी साज घडवत असेल तर तो उपकारच आहे. परंतु ‘ओरिजिनल टाइप’ या दोन शब्दांतील दुसरा शब्द बिलावर बारीक आणि बोलण्यात गाळलेला असेल, तर त्या व्यवहाराला कोणत्या रकान्यात घालावे हे पेढीवर बसणाऱ्याला शिकवण्याची गरज नाही. माल विकताना ‘हा भाग घासून, वाकवून बसवावा लागेल’ एवढे वाक्य सांगणारा विक्रेता क्वचित भेटतो. त्याचे गिऱ्हाईक मात्र दुसऱ्यांदा त्याच्याकडेच जाते.

कोल्हापूरच्या मालकाजवळ आणखी एक मार्ग आहे, आणि त्याकडे पुरेसे लक्ष जात नाही. या गावाला नसलेली वस्तू घडवण्याची जुनी सवय आहे. परदेशी कॅमेरा हाती नव्हता तेव्हा बाबूराव पेंटरांनी तो येथेच बनवला. त्यांच्यासोबत खटपट करणारे बंधू आनंदराव १९१६ साली निवर्तले. तरी विष्णुपंत दामल्यांच्या साहाय्याने १९१८ साली कॅमेरा पुरा झाला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. ज्या गावात चित्रपटाचा कॅमेरा घडला, तेथे फियाटची एक पट्टी दिल्लीहून का यावी? स्टेनलेस स्टीलचे मूळ बीडिंग वाकले असेल तर लहान हातोडी आणि ठोकणीने ते सरळ होते. पॉलिश केल्यावर ते कोणत्याही नव्या पट्टीपेक्षा सरस दिसते आणि बसते तर नक्कीच. चांदीकामाचे हुपरी गाव जवळच आहे. बारीक डाग देणे, तुटलेले टोक जोडणे, धार न बुजवता चकाकी आणणे या गोष्टी ज्या हातांत पिढ्यान्‌पिढ्या मुरल्या आहेत, त्यांना मोनोग्रामची दुरुस्ती अवघड वाटू नये. जस्ताच्या मिश्रधातूचे जुने भाग मात्र याला अपवाद. त्यांच्यात खोलवर खड्डे पडलेले असतील तर दुरुस्तीपेक्षा नवा भाग घडवणे बरे. तोही घडवायचा तर फौंड्रीत जुना भाग देऊन ‘असाच करा’ म्हणू नये. मापांचे चित्र द्यावे, आणि आकसण्याची भर धरून पॅटर्न करण्यास सांगावे.

मूळ भाग जपण्याला आता कायद्याचेही एक कारण आहे. केंद्र सरकारच्या जुलै २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या आणि मोठा फेरफार न केलेल्या दुचाकी-चारचाकींची ‘विंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी होते. त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, फेरनोंदणीचे ५,००० रुपये आणि मुदत दहा वर्षे. व्यावसायिक वापर वर्ज्य. पहिल्या पिढीतील डिलाइट गाड्या आता या वयात आल्या आहेत.

कामाचा क्रम हा या साऱ्या प्रकरणातील सर्वांत स्वस्त उपाय, आणि तोच बहुतेकदा चुकतो. रंग लागून गाडी तयार झाल्यावर साज मागवला जातो. वास्तविक पत्राकाम पुरे होताच, प्रायमरवर असतानाच, जाळी, बंपर, बीडिंग, दिवे, काचा आणि रबरे हे सारे एकदा गाडीवर चढवून पाहावे. जेथे फट आहे तेथे पत्रा सरकवता येतो, भोक नव्याने पाडता येते, पट्टी घासता येते. कशालाही चरा पडण्याची भीती नसते. मग सगळे उतरवून रंग द्यावा. क्रोम करण्याचा भाग असेल तर तोही आधी कोराच बसवून पाहावा, कारण एकदा निकेल चढल्यावर तो वाकवला तर थर तडकतो. बसत नाही ते त्याच आठवड्यात, बिल ताजे असताना, परत करावे. आणि उतरवलेला जुना भाग, मग तो कितीही गंजलेला असो, नवा भाग रंगानंतर पक्का बसेपर्यंत भंगारात देऊ नये. प्रत्येकाला चिठ्ठी बांधून, डावा-उजवा लिहून, पेटीत ठेवावा. क्लिपा कोठे होत्या आणि वळण किती होते हे तोच सांगू शकतो.

दारांची रबरे सर्वांत शेवटी लावावीत. रबराचा छेद मूळ छेदाशी जुळवून घ्यावा. जाड रबर अधिक चांगले असा समज दुकानात हटकून ऐकू येतो, आणि दार न लागण्याचे ते सर्वांत सामान्य कारण आहे. मापाचे रबरही पहिले काही आठवडे ताठच असते. त्या काळात दार थोडे जोराने लावावे लागते, पुढे ते आपोआप बसते. बिजागरी पिळण्याची घाई तेवढी करू नये.