पोरांना बाबासाहेबांचं उदाहरण, आईबापांना कोणाचं?

मार्गासनी आणि आसपासच्या वस्त्यांत आम्ही तब्येतीची चौकशी करायला जातो, तेव्हा आयाबाया बीपी, साखर, गुडघे सगळं सांगतात. घरातला वीस-बावीस वर्षांचा मुलगा मात्र भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. "त्याला काय धाड भरलीय? खायला काळ, भुईला भार," असं त्याच्यासमोरच बोललं जातं.

पोलीस भरतीत हुकलेलं, शिरवळच्या कंपनीतलं कंत्राट संपलेलं पोर आधीच स्वतःला दोष देत असतं. त्यात घरी रोज टोमणा नाहीतर अबोला मिळाला, की शरीर सतत ताणात राहतं. झोप उडते, भूक मरते, छाती धडधडते, चिडचिड वाढते. कोणी दारूकडे वळतं. मुली कामं उरकत राहतात, म्हणून त्यांचं दुखणं उशिरा कळतं.

आईबाप वाईट नसतात. पोराच्या नशिबीही मजुरीच येईल या भीतीनं ते चिडतात. मग म्हणतात, "बाबासाहेब दिव्याखाली शिकले, तुला लाईट असून जमत नाही!"

पण सुभेदार रामजी आठवा. परळच्या चाळीतली एक खोली. भीमाला लवकर झोपवून ते रात्री दोनपर्यंत जागत आणि मग त्याला अभ्यासाला उठवत. पुस्तकाला पैसे नसले, की लग्न झालेल्या लेकींकडे मागायला जात. पोराला बाबासाहेबांचं उदाहरण देणाऱ्या आपण रामजींचं उदाहरण घ्यायला नको का?

रोज पंधरा मिनिटं टीव्ही-मोबाईल बंद करून जवळ बसा. "काम मिळालं का?" याऐवजी "आज दिवस कसा गेला?" असं विचारा. शेजारच्या पोराशी तुलना नको. आपलं चुकलं तर तसं कबूल करा.

दोन आठवडे उदासी हटली नाही, तर डॉक्टरांकडे न्या. ही बाहेरची बाधा नाही, आजार आहे. उपचारानं बरं वाटतं. "मरावंसं वाटतं का?" हे सरळ विचारा. विचारल्यानं तसा विचार मनात शिरत नाही, उलट मन मोकळं होतं. "हो" म्हणालं, तर एकटं सोडू नका आणि फवारणीचं औषध कुलपात ठेवा.

सरकारच्या टेली मानसचा नंबर १४४१६. चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. नंबर दाराच्या आत लिहून ठेवा. आईबापांनाही तिथं बोलता येतं.