उभ्या गाडीचे सुटे भाग
दुचाकीची निगा : लेखांक ७

मोटारसायकल उचलून नेणारा चोर वेगळा आणि तिचे पार्ट काढून नेणारा वेगळा. आपण कुलपं घेतो ती पहिल्यासाठी. हँडल लॉक, डिस्क लॉक, चाकात अडकवलेली साखळी यांनी गाडी जागची हलत नाही. बॅटरी काढायला मात्र गाडी हलवावी लागतच नाही. शीळफाट्याला सकाळी गाडी लावून कंपनीच्या बसने महापे किंवा तळोज्याकडे जाणारा माणूस रात्री परततो, तेव्हा गाडी जागेवर असते, कुलूप शाबूत असतं, फक्त साइड कव्हर लोंबत असतं आणि आतला खण रिकामा असतो.

शीळफाटा-कल्याणफाटा परिसरात मुंब्रा, पनवेल, महापे आणि कल्याण अशा चारही बाजूंची वाहतूक येऊन अडकते. त्यात मेट्रो १२ च्या कामाची भर. कोंडीत गाड्या बंद पडतात, लोक कडेला बसून प्लग साफ करतात, चेन चढवतात. त्यामुळे पाना घेऊन गाडीशेजारी उकिडवा बसलेला माणूस इथे कुणालाच खटकत नाही. ‘गाडी बंद पडली असेल बिचाऱ्याची’ म्हणून आपण पुढे जातो. पार्ट चोरणाऱ्याला अंधारापेक्षा या गर्दीचाच जास्त आधार मिळतो.

बॅटरी सगळ्यात आधी जाते, कारण ती सगळ्यात सोपी. बऱ्याच गाड्यांचं साइड कव्हर नुसतं ओढलं तरी रबरी खुंट्यांतून निघतं. आत एक रबरी पट्टा आणि टर्मिनलचे दोन स्क्रू. दहाचा पाना किंवा साधा स्टार स्क्रू ड्रायव्हर पुरतो. वर जुन्या बॅटरीला शिशामुळे वजनावर भाव मिळतो आणि नवी घेताना जुनी जमा करण्याची पद्धत असल्यामुळे ती कुठून आली, हे सहसा कुणी विचारत नाही. पूर्वी बॅटरी गेली तरी किक मारून घर गाठता यायचं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, बहुतेक गाड्यांत कार्बोरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन बसलं आणि पेट्रोलचा पंप विजेवर चालू लागला. बॅटरी नाही म्हणजे बहुतेक वेळा गाडीच नाही. रात्री अकराला फाट्यावर अडकलेल्या माणसाचं नुकसान नुसत्या बॅटरीच्या किमतीत मोजता येत नाही.

सायलेन्सरची गोष्टही बीएस-६ शी जोडलेली आहे. धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम या मौल्यवान धातूंचा लेप असतो. मारुती ईकोचे सायलेन्सर चोरून त्यातली ‘माती’ विकणाऱ्या टोळ्यांच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. मोटारसायकलमध्ये हे धातू खूपच कमी असतात. पण भंगारात भाव आहे एवढं चोराला कळलं की तो ग्रॅम मोजत बसत नाही.

मग करायचं काय? पहिलं काम बोल्टचं. चोराकडे वेळ कमी आणि हत्यारं ठरावीक: दहा, बारा, चौदाचे पाने आणि एल-कीचा जुडगा. त्या पान्यांनी न फिरणारा बोल्ट दिसला की तो शेजारच्या गाडीकडे वळतो. आरशाचे नट, सायलेन्सरचा मागचा बोल्ट, क्रॅश गार्डचे बोल्ट बदलून मधोमध खिळा असलेले स्टार बोल्ट घालता येतात. त्यांना वेगळी की लागते. त्याहून स्वस्त उपाय सायकलच्या दुकानात मिळतो. एल-कीच्या बोल्टच्या खाचेत घट्ट बसेल असा लोखंडी छर्रा हलक्या हाताने ठोकायचा आणि वरून एम-सीलचा ठिपका द्यायचा. की आत शिरतच नाही. काढायची वेळ आली की गॅरेजवाला एम-सील खरवडतो आणि टोच्याने छर्रा उकरतो; पाच-दहा मिनिटं जातात, पण चोराकडे ती नसतात. हे चाकाच्या अ‍ॅक्सलला, ब्रेकच्या बोल्टला किंवा ऑइलच्या ड्रेन बोल्टला मात्र कधीही करू नका. कल्याण-शीळ रस्त्यावर पंक्चर झालं, तर चाक तिथल्या तिथे निघालंच पाहिजे.

दुसरं काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि तेच आपण करत नाही: खूण. इंजिनवर नंबर असतो, चासीवर असतो. आरसा, सायलेन्सर, साइड कव्हर यांवर आपली ओळख सांगणारं काहीच नसतं, म्हणून ते एकदा भंगारात गेले की कुणाचेही होतात. भांड्याच्या दुकानात ताटावाट्यांवर नाव घालायचं जे मशीन असतं, त्याने सायलेन्सरच्या पत्र्यावर आणि क्रॅश गार्डवर गाडीचा नंबर कोरून घ्या. चटकन दिसेल असा एक आणि आतल्या बाजूला लपलेला एक. बॅटरीवर कोरायचं नाही, पक्क्या मार्करने लिहायचं आणि तिचा सीरियल नंबर व बिल यांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवायचे. नंबर कोरलेला माल घ्यायला भंगारवालाही बिचकतो, कारण चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसं वाटायला कारण असूनही तो घेणं, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. स्वस्तात जुना आरसा घेणाऱ्या आपल्यालाही हे कलम लागू आहे.

गाडी लावताना सायलेन्सरची बाजू भिंतीकडे ठेवा. बहुतेक गाड्यांत ती उजवी असते आणि साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते, त्यामुळे भिंतीला अगदी खेटून लावता येते. रस्त्याकडेला पूर्ण गाडी झाकणारं कव्हर घालू नये असं माझं मत आहे. त्याच्या आडोशाला चोर निवांत काम करतो. अलार्मवरही माझा भरवसा नाही. इथे अवजड ट्रकच्या हादऱ्यानेच तो सारखा वाजणार आणि मग त्याच्याकडे कुणी मान वळवून पाहणार नाही.

विम्याबद्दल गैरसमज फार आहेत. दुचाकीच्या नेहमीच्या पॅकेज पॉलिसीत स्पष्ट अट असते: गाडी सोबत चोरीला गेली नसेल, तर नुसत्या अ‍ॅक्सेसरीजच्या चोरीची भरपाई नाही. बॅटरीचा दावा मान्य झाला तरी तिच्यावर ५० टक्के घसारा कापतात आणि नो क्लेम बोनस जातो तो वेगळाच.

तक्रार मात्र जरूर करा. इथे शीळ ठाणे महापालिकेत, पुढचा रस्ता कल्याण-डोंबिवलीकडे आणि महापे नवी मुंबई पोलिसांच्या हद्दीत. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ असं ऐकावं लागलं, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ लक्षात ठेवा: गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. ऑनलाइन कळवलं तर तीन दिवसांच्या आत सही करावी लागते. पाच हजारांखालच्या पहिल्या चोरीत वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची आहे. म्हणजे वस्तू परत मिळण्याची वाट कायद्यानेच ठेवली आहे. पण तक्रारीत नुसतं ‘एक बॅटरी’ लिहिलं असेल, तर सापडलेल्या ढिगातली आपली कोणती हे पोलिसांना सांगणार कसं? तिथे सीरियल नंबर आणि फोटो लागतो.

पुढच्या आठवड्यात: पे अँड पार्कच्या पावतीवरची बारीक अक्षरं.