वाढवलेल्या बांगड्या

बांगडी ‘फुटली’ असे आपल्याकडे म्हणत नाहीत. ती ‘वाढवली’ म्हणतात. या शब्दाची गंमत मला उमगली ती चंडीगडच्या रॉक गार्डनमध्ये. फुटक्या बांगड्यांनी मढवलेल्या सिमेंटच्या बायका तिथे रांगेने उभ्या आहेत, आणि उन्हात त्यांचे अंग नुसते लखलखते आहे!

हे वैभव नेकचंद सैनी नावाच्या एका रस्ते-निरीक्षकाचे. ल कार्बुझिएचे नवे शहर वसवताना अनेक गावे उठली. तिथल्या फुटक्या कपबशा, फरशा, काचा नेकचंद सायकलवर लादून रानात नेत. १९५७ च्या सुमारास सुरू झालेला हा उद्योग सरकारी जमिनीवर, गुपचूप, वर्षानुवर्षे चालला होता!

उन्हापावसात या मूर्ती टिकल्या कशा? सायकलचे चिमटे जनावरांचे पाय झाले, बैठका डोकी झाल्या. त्यांवर वाळू-सिमेंटचे थर, आणि शेवटच्या ओल्या सिमेंटात दाबलेल्या कपच्या.

वाचकहो, तुम्हांला अंगणात एखादा मोर करायचा आहे? मग सळ्यांचा सांगाडा करून त्यावर बारीक जाळी तारेने घट्ट बांधा. एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू असा गिलावा चढवा. लोखंड तसूभरही उघडे ठेवू नका. पाणी लागले की ते गंजते, गंजले की फुगते, आणि मूर्ती आतूनच तडकते. आठवडाभर पाणी मारा. नंतर थोडाथोडा सिमेंटचा थर देऊन तो ओला असतानाच कपच्या बसवा. काच किंवा चकाकीची चिनीमाती घ्यावी; पाणी पिणारी खापरे नकोत. धारदार कडा आधी दगडावर घासाव्यात. शेवटी दरजा भरून ओल्या फडक्याने पुसावे. पाणी साचेल असा खळगा कुठेही ठेवू नये.

नेकचंदांचे गुपित फुटले, तेव्हा नियमाप्रमाणे सारे पाडायला हवे होते. पण लोकांची रीघ लागली. सरकारने त्यांना पगार दिला, पन्नास मजूर दिले, आणि १९७६ मध्ये बाग सर्वांना खुली झाली. पुढे १९९० च्या सुमारास तिच्यावर बुलडोझर आले, तेव्हा नागरिकच आडवे उभे राहिले. नेकचंद २०१५ मध्ये गेले, बाग आहे.

तेव्हा दिवाळीच्या झाडलोटीत फुटकी बशी सापडली, तर ती उकिरड्यावर टाकण्याची घाई करू नका. मोराला एक पीस कमी पडत असेल!