तालीम आणि ताकद

मित्रांनो, 'तालीम' हा शब्द तुमच्या रोजच्या ओळखीचा आहे. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. 'आधी तालीम पूर्ण कर', असे घरातील मोठी माणसे सांगतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर शाळा आणि कॉलेज असते. मराठीत मात्र तालीम म्हणजे पैलवान जेथे कुस्ती शिकतात ती जागा. 'तो रोज पहाटे तालमीत जातो', असे कोणी म्हटले तर तो मुलगा दप्तर घेऊन जातो असे समजू नका. तो लंगोट घेऊन जातो!

एकाच शब्दाचे हे दोन अर्थ वेगळे दिसतात. पण ते एकमेकांपासून फार दूर नाहीत. तालमीतही शिक्षणच चालते. तेथे शिकवणाऱ्याला 'वस्ताद' म्हणतात. वस्ताद म्हणजे आपला 'उस्ताद'च. पैलवान, कसरत, खुराक, पेच, दम हे तालमीतले शब्दही तुम्हाला परके वाटणार नाहीत.

आता एक प्रश्न विचारू या. अंगात भरपूर ताकद असेल, तर तालमीची गरज काय? ज्याचे दंड जाड, ज्याचा हात जड, तो जिंकणारच ना? जत्रेतील कुस्त्यांच्या फडात बसलेले प्रेक्षकही जोडी पाहून असाच अंदाज बांधतात. पुष्कळदा तो खरा ठरतो. पण कधी कधी लहान चणीचा पैलवान मोठ्याला असा काही उचलून टाकतो, की सारा फड उभा राहतो. हे कसे घडते?

महाराष्ट्राचे खाशाबा जाधव यांचे उदाहरण पाहा. त्यांचा जन्म 1926 साली सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वर गावी झाला. वडील स्वतः पैलवान होते. लाल मातीत खाशाबांनी कुस्तीचे धडे घेतले. ते अंगाने आडदांड नव्हते. पण अतिशय चपळ होते. ढाक या डावासाठी त्यांची ख्याती होती. प्रतिस्पर्धी अंगावर चाल करून येतो, तेव्हा त्याचा जोर पुढच्या दिशेला असतो. त्या जोराला अडवायचे नाही, तर त्याचाच उपयोग करून त्याला खाली आणायचे, हे डावाचे रहस्य आहे. म्हणजे निम्मी ताकद आपली आणि निम्मी समोरच्याची.

1948 साली खाशाबा लंडन ऑलिंपिकला गेले. तेथे माती नव्हती, गादी होती. मातीच्या कुस्तीत पाठ जमिनीला लागली की निकाल लागतो. गादीवरच्या कुस्तीत गुणही मोजले जातात. नियम नवे, जमीन नवी. तरी त्यांनी सहावा क्रमांक मिळवला. मग त्यांनी गादीवरची कुस्ती नव्याने शिकून घेतली. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी पैसे कमी पडले, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून त्यांना मदत केली, असे सांगतात. हेलसिंकीत 57 किलो वजनगटात खाशाबांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक होय.

या स्पर्धेत जपानच्या शोहाची इशी याच्याशी त्यांची कुस्ती फार वेळ चालली आणि तीत ते हरले. ते पुरते थकले होते. नियमाप्रमाणे दोन कुस्त्यांमध्ये विश्रांती मिळायला हवी होती. पण त्यांची बाजू मांडायला भारतीय पथकाचा कोणी अधिकारी तेथे हजर नव्हता आणि लगेच त्यांना सोव्हिएत पैलवानाशी झुंजावे लागले, अशी हकीकत सांगितली जाते. ती कुस्तीही ते हरले. डाव तोच, ताकद तीच; पण दम संपला होता. तेव्हा ताकद आणि कौशल्य यांच्या जोडीला दम ही तिसरी गोष्टही लक्षात ठेवा. पुढे ती उपयोगी पडणार आहे.

तुम्ही म्हणाल, "कुस्तीत मारायला बंदी असते, म्हणून तेथे डावांना किंमत आहे. मुष्टियुद्धात तर ठोसा हेच हत्यार. तेथे तरी ताकदच जिंकत असेल!" चला, तेही तपासून पाहू.

मुष्टियुद्ध म्हणजे बॉक्सिंग. व्यावसायिक मुष्टियुद्धात खेळाडू पैसे घेऊन लढतात. पुरुषांच्या लढतीत प्रत्येक फेरी तीन मिनिटांची असते आणि दोन फेऱ्यांमध्ये एक मिनिट विश्रांती मिळते. जिंकण्याचे मुख्य मार्ग दोन. पहिला मार्ग ताकदीचा : असा ठोसा मारायचा, की समोरचा खाली पडेल आणि पंचाने दहा आकडे मोजेपर्यंत उठणार नाही. दुसरा मार्ग कौशल्याचा : नेमके ठोसे मारायचे, समोरच्याचे चुकवायचे आणि फेरीमागून फेरी गुण मिळवत जायचे. ज्याने फेरी जिंकली त्याला सामान्यतः दहा गुण मिळतात आणि हरणाऱ्याला नऊ किंवा त्याहून कमी.

आता ठोशातली ताकद कोठून येते, ते पाहा. ती केवळ दंडातून येत नाही. मागचा पाय जमिनीला रेटा देतो, कंबर वळते, खांदा पुढे येतो आणि शेवटी मूठ सुटते. पाय चुकीच्या जागी असेल, तर पैलवानासारखा दंड असूनही ठोसा पोकळ पडतो. म्हणजे ताकदीलाही तालीम लागतेच. शिवाय जो ठोसा दिसतो त्यासाठी मान आणि शरीर तयार होते. जो दिसतच नाही तो हलका असला तरी घात करतो.

कौशल्याची अंगे तीन : पाय, नजर आणि अंतर. पाय हलते हवेत. नजर समोरच्याच्या डोळ्यांवर आणि खांद्यांवर हवी, कारण खांदा आधी हलतो आणि मूठ नंतर येते. अंतर असे हवे, की त्याची मूठ आपल्यापर्यंत चार बोटे कमी पडेल. चुकलेला ठोसा मारणाऱ्यालाच थकवतो. हवेत जोराने हात फेकून पाहा, म्हणजे कळेल.

निखत जरीन ही निजामाबादची मुलगी 2022 साली इस्तंबूल येथे जगज्जेती झाली. ती हौशी मुष्टियुद्धातील स्पर्धा होती. अंतिम लढतीत तिने थायलंडच्या खेळाडूला बेशुद्ध पाडले नाही. पाचही पंचांनी तिला विजयी ठरवले. हा कौशल्याचा विजय होता. 2023 साली ती पुन्हा जगज्जेती झाली.

ताकद आणि कौशल्य यांची सर्वांत गाजलेली व्यावसायिक लढत 30 ऑक्टोबर 1974 रोजी आफ्रिकेतील किन्शासा शहरात झाली. एका बाजूला होता जॉर्ज फोरमन. वय 25. चाळीस लढती, चाळीस विजय. त्यांतील सदतीस वेळा प्रतिस्पर्धी शेवटच्या फेरीपर्यंत टिकलाच नव्हता. जो फ्रेझरसारख्या जगज्जेत्याला त्याने दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली पाडले होते. दुसऱ्या बाजूला होते मुहम्मद अली. वय 32. पूर्वीचे पायांचे नाचणे आता मंदावले होते. व्हिएतनामच्या युद्धात लढायला नकार दिला म्हणून 1967 साली त्यांचे जगज्जेतेपद काढून घेतले गेले होते. अली जिंकतील असे फार थोड्यांना वाटत होते. फोरमनच्या हातून त्यांना मोठी इजा होईल, ही भीती मात्र अनेकांना होती.

लढत सुरू झाली. दुसऱ्या फेरीपासून अलींनी एक अजब गोष्ट केली. ते पळाले नाहीत. रिंगणाच्या दोरांना पाठ टेकून, दोन्ही हातांनी चेहरा झाकून ते उभे राहिले आणि फोरमनला मारू दिले. पुष्कळ ठोसे हातांवर व कोपरांवर बसले. दोर मागे झुकत होते, त्यामुळे धक्क्याचा काही जोर दोरांत जिरत होता. फोरमन जवळ आला की अली त्याची मान दाबून धरत आणि मध्येच एखादा नेमका ठोसा त्याच्या चेहऱ्यावर मारत. त्या दमट हवेत फोरमन फेरीमागून फेरी आपली ताकद उधळत गेला. आठव्या फेरीत त्याचे हात जड झाले. तो क्षण अलींनी ओळखला. काही झपाट्याचे ठोसे बसले आणि फोरमन खाली कोसळला. दहा आकडे मोजून झाले, तेव्हा अली पुन्हा जगज्जेते झाले होते.

मित्रांनो, येथे ताकद हरली असे म्हणू नका. अलींनीही शेवटी ठोसाच मारला. फरक इतकाच, की एकाने आपली ताकद आधीच खर्चून टाकली आणि दुसऱ्याने ती योग्य वेळेसाठी राखून ठेवली. हिशेबी माणूस महिन्याचा पगार पहिल्याच दिवशी उडवत नाही, तसेच हे आहे.

या गोष्टीचा दुसरा भागही ऐकण्यासारखा आहे. वीस वर्षांनंतर, 5 नोव्हेंबर 1994 रोजी, फोरमन पुन्हा जगज्जेतेपदासाठी उतरला. आता त्याचे वय 45 होते. समोर होता तरुण, चपळ मायकेल मूरर. नऊ फेऱ्यांपर्यंत मूररच गुणांत पुढे होता. पण फोरमन या वेळी घाई करत नव्हता. तो मार सोसत होता, हळूहळू पुढे सरकत होता, वाट पाहत होता. दहाव्या फेरीत त्याचा उजवा हात नेमका बसला आणि लढत संपली. त्या दिवशी ताकदीने कौशल्याला हरवले, असे वरवर दिसते. परंतु किन्शासात ज्याच्याकडे धीर नव्हता, तोच माणूस आता धीर शिकून आला होता. पंचेचाळिसाव्या वर्षी जगज्जेता करणारी गोष्ट नुसती ताकद नव्हती. ताकदीला मिळालेली तालीम होती.

आता एक कटू गोष्टही सांगायला हवी. अलींनी आपल्या कारकिर्दीत असंख्य ठोसे झेलले. 1984 साली त्यांना पार्किन्सन हा कंपवाताचा आजार असल्याचे निदान झाले. ज्यांचे हात विजेसारखे चालत, त्यांचे हात थरथरू लागले. ज्यांच्या बोलण्याने सभा गाजत, त्यांना बोलणे अवघड झाले. 2016 साली त्यांचे निधन झाले. अनेक डॉक्टर या आजाराचा संबंध डोक्यावर बसलेल्या आघातांशी जोडतात. डोक्यावर वारंवार मार बसल्यास मेंदूला कायमची इजा होऊ शकते, हे तर वैद्यकशास्त्राने सिद्धच केले आहे. म्हणून खरे कौशल्य मार सोसण्यात नाही, तो चुकवण्यात आहे. पडद्यावरची लढत पाहून वर्गातल्या मित्राच्या डोक्यात गंमत म्हणून ठोसा मारणे ही गंमत नव्हे. खेळायचे असेल तर वस्तादाच्या देखरेखीखाली, नियमांनी आणि आपल्याच वजनगटातील जोडीदाराशी खेळावे. वजनगट पाडले गेले, तेही याचसाठी. दोघांच्या वजनात फार मोठा फरक असेल, तर कौशल्यही फार काळ वाचवू शकत नाही.

आपले तेर हे संत गोरा कुंभारांचे गाव. कुंभार मडके घडवताना काय करतो, हे कधी नीट पाहा. बाहेरून तो थापटण्याने मडक्यावर ठोके मारतो. पण त्याच वेळी दुसऱ्या हाताने आतून आधार धरतो. ठोका हलका पडला तर मडके आकार घेत नाही. जोरात पडला तर ते फुटते. किती जोर लावायचा, कोठे लावायचा आणि केव्हा थांबायचे, हे त्या हाताला वर्षानुवर्षांच्या सरावाने कळलेले असते.

ताकद ही देणगी आहे. ती कोणाला जास्त मिळते, कोणाला कमी. तिचे काय करायचे, हे मात्र शिकावे लागते. त्या शिकण्याला उर्दूत तालीम म्हणतात आणि मराठीतही तालीमच म्हणतात.

स्वाध्याय

1. 'तालीम' या शब्दाचे उर्दूतील व मराठीतील अर्थ सांगा. त्यांत साम्य कोणते?
2. डावात 'निम्मी ताकद आपली आणि निम्मी समोरच्याची' असते, असे लेखकाने का म्हटले आहे?
3. किन्शासाच्या लढतीत फोरमन का हरला? 1994 साली तो का जिंकला? दोन्हींची तुलना चार-पाच वाक्यांत करा.
4. या पाठातील, उर्दूतही वापरले जाणारे पाच शब्द शोधा व प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.
5. तुमच्या गावातील एखादा कारागीर काम करताना पाहा. तो ताकद कोठे वापरतो आणि कोठे राखून ठेवतो, ते आठ-दहा ओळींत लिहा.