एका खोलीतील व वाहनातील गॅसगळती : घ्यावयाची दक्षता

स्वयंपाकाच्या गॅसमुळे गृहिणींचे कष्ट कमी झाले, धुराचा त्रास गेला आणि सरपणासाठी होणारी पायपीट थांबली. तथापि हे इंधन जितके सोयीचे आहे तितकेच ते शिस्तीची अपेक्षा करणारे आहे. मोकळ्या अंगणात चुलीतून ठिणगी उडाली तर ती दिसते; बंद खोलीत गॅस साठत असला तर तो दिसत नाही. त्यामुळे गॅसचा गुणधर्म काय व गळती झाल्यास प्रथम काय करावयाचे, हे घरातील प्रत्येक जाणत्या माणसास माहीत असणे अगत्याचे आहे.

ज्या ठिकाणी राहण्याची व स्वयंपाकाची जागा एकच असते, तेथे हा प्रश्न अधिक गंभीर होतो. सुरत शहरातील नवागाम-दिंडोली, लिंबायत, उधना या भागांत खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबे राहतात. यंत्रमाग आणि रंगाई-छपाईच्या कारखान्यांत काम करणाऱ्या यांपैकी अनेकांचा संसार एका खोलीत असतो. शेगडी, सिलिंडर, अंथरूण, मुलांची दप्तरे आणि विजेची बटणे ही सर्व एकमेकांपासून चार हातांवर असतात. शिवाय सप्तशृंगगडाची चैत्र यात्रा असो वा पंढरीची वारी, यात्रेकरूंसमवेत शिधासामग्रीचे वाहन जाते आणि त्यात शेगडी व सिलिंडरही असतो. एका खोलीचे घर आणि प्रवासाचे वाहन या दोहोंत गॅसगळतीच्या दृष्टीने फारसा फरक नाही. दोन्ही जागा लहान, बंदिस्त व माणसांनी भरलेल्या असतात.

गॅस खाली का साठतो?

आपल्या देशात घरगुती सिलिंडरमध्ये प्रोपेन व ब्युटेन या दोन वायूंचे मिश्रण दाबाखाली द्रवरूपात भरलेले असते. हा द्रव बाहेर येताच त्याची वाफ होते. एक लिटर द्रवापासून सुमारे अडीचशे लिटर वायू तयार होतो. सिलिंडर नेहमी उभाच ठेवावा असे सांगण्यात येते त्याचे हे एक कारण आहे; आडव्या सिलिंडरमधून वायूऐवजी द्रव बाहेर पडू शकतो आणि थोड्याच वेळात फार मोठ्या प्रमाणावर गॅस पसरतो.

हा वायू हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो. धूर वर जातो व झरोक्यातून निघून जातो. गॅस मात्र पाण्यासारखा खाली उतरतो. तो जमिनीलगत पसरतो, खाटेखाली व ओट्याखाली साठतो, गटारात आणि खड्ड्यात उतरतो. दाराचा उंबरठा उंच असेल तर तेथे तो अडतो. म्हणून छताजवळ झरोका आहे, आता भीती नाही, ही समजूत चुकीची आहे. हवा जाण्यासाठी जमिनीलगत वाट असणे अत्यावश्यक आहे.

हवेत या वायूचे प्रमाण सुमारे २ टक्के ते ९ टक्के असते तेव्हा एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. दहा फूट लांब, दहा फूट रुंद व दहा फूट उंच खोलीत सुमारे २८ घनमीटर हवा मावते. त्या खोलीतील सर्व हवा स्फोटक होण्यास अंदाजे १,२०० ग्रॅम गॅस पुरतो. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलोग्रॅम गॅस असतो. म्हणजे त्याचा बारावा हिस्सादेखील पुरेसा ठरतो. पंधरा घनमीटर जागेच्या प्रवासी वाहनात तर ६०० ते ६५० ग्रॅम गॅसने हीच अवस्था येते. प्रत्यक्षात गॅस सर्वत्र सारखा न पसरता तळाशी दाटतो, त्यामुळे याहून कमी गॅसही धोकादायक असतो. पाच किलोग्रॅमचा छोटा सिलिंडर निरुपद्रवी असतो असे मानणे किती घातक आहे, हे या हिशोबावरून ध्यानात येईल.

वास हीच पहिली सूचना

मुळात या वायूस वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात कुजलेल्या कोबीसारखा उग्र वास असणारे इथिल मरकॅप्टन हे द्रव्य मिसळतात. या पद्धतीमागे एक दुःखद इतिहास आहे. अमेरिकेतील टेक्सास राज्यातील न्यू लंडन या गावी १८ मार्च १९३७ रोजी शाळेत नैसर्गिक वायू साठून स्फोट झाला व सुमारे ३०० जण मृत्युमुखी पडले. त्यांत बहुसंख्य विद्यार्थी होते. त्या वायूस वास नसल्याने गळती कोणाच्याही ध्यानात आली नव्हती. त्यानंतर इंधनवायूत वास मिसळणे सक्तीचे करण्यात आले.

तथापि केवळ नाकावर विसंबून राहता येत नाही. बराच वेळ त्याच वासात राहिल्यास नाक त्यास सरावते. वृद्धांना, सर्दी झालेल्यांना व झोपलेल्या माणसांना वास उशिरा कळतो किंवा कळतच नाही. बाहेरून आलेल्या व्यक्तीने वास येत असल्याचे सांगितले तर घरातल्यांनी ते कधीही हसण्यावारी नेऊ नये.

गळती होताच काय करावे?

गॅस हवेत मिसळला आहे, परंतु ठिणगी पडलेली नाही, असा हा काळ असतो. या काळात पुढील क्रम पाळावा.

१. घरातील सर्व ज्योती विझवाव्यात : शेगडी, समई, उदबत्ती, विडी. नवीन काडी ओढू नये.

२. विजेच्या कोणत्याही बटणास हात लावू नये. दिवा चालू असेल तर चालू राहू द्यावा, बंद असेल तर बंद राहू द्यावा. बटण दाबताना व उघडताना, दोन्ही वेळी आत सूक्ष्म ठिणगी पडते. वास घालविण्यासाठी पंखा लावणे ही सर्वांत घातक चूक होय. मेन स्विच इमारतीच्या बाहेर, गॅसपासून दूर असेल तरच तो बंद करावा.

३. हाताशी असेल तर रेग्युलेटर बंद करावा व काढून सिलिंडरवर सुरक्षा टोपण बसवावे. याकरिता दाट वासात शिरू नये.

४. दारे-खिडक्या उघडाव्यात आणि मुले, वृद्ध व आजारी माणसे यांना प्रथम बाहेर काढावे.

५. शेजाऱ्यांना हाक मारून सावध करावे. दारावरची घंटी वाजवू नये.

६. बाहेर दूर गेल्यावरच दूरध्वनी करावा. गॅसगळतीसाठी १९०६ हा क्रमांक रात्रंदिवस उपलब्ध असतो. अग्निशमन दलासाठी १०१ व सर्व आपत्तींसाठी ११२ हे क्रमांक आहेत.

गळती कोठे आहे हे पाहण्यासाठी काडी पेटवून धरण्याची काहींना सवय असते. ती प्राणघातक आहे. साबणाचे पाणी नळीवर व जोडावर लावावे. बुडबुडे आले की गळतीची जागा कळते. मात्र वास दाट असताना हीदेखील तपासणी करू नये.

वाहनातील विशेष काळजी

चालत्या वाहनात वास आल्यास ते वस्तीपासून दूर मोकळ्या जागी थांबवावे, इंजिन एकदाच बंद करावे, सर्वांनी उतरावे व दारे उघडी ठेवावीत. त्यानंतर किल्ली फिरवू नये, दिवे लावू नयेत. वास पूर्णपणे गेल्याशिवाय व जाणकाराने तपासल्याशिवाय वाहन सुरू करू नये.

परदेशांत घरासारखी सोय असलेल्या मोटारींचा पुष्कळ प्रसार आहे. महाराष्ट्र शासनानेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. अशा वाहनांच्या रचनेतून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. तेथे सिलिंडरचा कप्पा माणसांच्या जागेपासून वेगळा व बंद असतो, त्या कप्प्याच्या तळाला बाहेरच्या बाजूस छिद्रे असतात आणि गॅसची सूचना देणारे यंत्र छताला नव्हे तर जमिनीलगत बसवितात. आपल्या यात्रेच्या वाहनांत अशी कोणतीही व्यवस्था नसते. म्हणून माणसे बसतात त्या वाहनात सिलिंडर नेऊच नये. तो मालवाहू वाहनात उभा बांधून, रेग्युलेटर काढून व टोपण लावून न्यावा आणि स्वयंपाक नेहमी वाहनाबाहेर उघड्यावर करावा.

आगगाडीत सिलिंडर नेणे हा तर गुन्हाच आहे. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १६४ अन्वये त्याकरिता तीन वर्षांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. २६ ऑगस्ट २०२३ रोजी पहाटे मदुराई स्थानकाच्या आवारात उभ्या असलेल्या, लखनौहून निघालेल्या यात्रेकरूंच्या खाजगी डब्यास आग लागून ९ जणांचा मृत्यू झाला. प्रवाशांनी लपवून आणलेल्या गॅस सिलिंडरमुळे ही आग लागल्याचे रेल्वेने जाहीर केले. सुरत-भुसावळ मार्गाने गावी जाणाऱ्या कुटुंबांनी, नवा संसार थाटण्यासाठी सिलिंडर बरोबर घेण्याचा मोह होतो तेव्हा, ही घटना आठवावी.

दैनंदिन दक्षता

झोपण्यापूर्वी व बाहेरगावी जाताना केवळ शेगडीची कळ नव्हे, तर रेग्युलेटर बंद करावा. प्रमाणित सुरक्षा नळी दर पाच वर्षांनी बदलावी. तिला तडा गेला, ती उंदराने कुरतडली किंवा कडक झाली तर त्याआधीच बदलावी. शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर ठेवावी. सिलिंडर खड्ड्यात अथवा बंद कपाटात ठेवू नये. नवा सिलिंडर घेताना मोहोर व तोंडाची रबरी चकती तपासून घ्यावी. सिलिंडरच्या गळ्याजवळील पट्टीवर ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर व वर्षाचे अंक असतात. ही अक्षरे वर्षाची चार तिमाही दर्शवितात. ती मुदत उलटली असेल तर सिलिंडर स्वीकारू नये.

या गोष्टी पाठ करून घेण्यास खर्च येत नाही. शिक्षकांनी त्या वर्गात प्रात्यक्षिकासह समजावून द्याव्यात. सुरत महानगरपालिकेच्या मराठी शाळांतही हे सहज करता येईल, कारण मुले घरी जाऊन जे सांगतात ते आईवडील ऐकतात. ग्रामपंचायती, महिला मंडळे व यात्रा समित्या यांनी यात्रेच्या आधी एकदा तरी या सूचना वाचून दाखवाव्यात. वास येताच हात बटणाकडे न जाता दाराकडे जावा, एवढी एक सवय घरातल्या लहानथोरांना लागली, तरी अनेक कुटुंबे मोठ्या अनर्थापासून वाचतील.