विमानातून जंगल पाहताना पानातलं पाणी आणि हवेतली वाफ वेगळी कशी ओळखतात?

धाराशिव जिल्ह्यातलं येडशी म्हटलं की रामलिंग मंदिर, घाट आणि अभयारण्य आठवतं. इथलं जंगल पानगळीचं. समजा, उन्हाळ्याच्या तोंडावर झाडांच्या पानांत किती पाणी उरलंय, हे विमानातून मोजायचं ठरवलं. त्यासाठी कॅमेरे आहेत. अडचण मधल्या हवेची आहे.

हा कॅमेरा वेगळा कसा?

मोबाईलचा कॅमेरा लाल, हिरवा, निळा असे तीन रंग टिपतो. हायपरस्पेक्ट्रल कॅमेरा उजेडाचे शेकडो बारीक पट्टे वेगवेगळे मोजतो. इस्रो आणि नासाने 2015-16 मध्ये भारतात अशा हवाई मोहिमेत 'एव्हिरिस-एनजी' हे उपकरण वापरलं. ते 380 ते 2510 नॅनोमीटरपर्यंत, साधारण दर 5 नॅनोमीटरला एक मोजमाप घेतं.

हवा काय घोळ घालते?

धूळ उजेड विखुरते, वाफ तो शोषते. वाफेची खूण 940 आणि 1140 नॅनोमीटरजवळ, तर पानातल्या पाण्याची 970 आणि 1200 जवळ दिसते. म्हणजे दोन्ही अगदी शेजारी. वाफेचा हिशेब चुकला, तर सुकलेलं झाड टवटवीत दिसू शकतं किंवा टवटवीत झाड सुकलेलं.

दुरुस्तीचे मार्ग कोणते?

1. जमिनीवरून ताळमेळ: उड्डाणाच्या वेळीच डांबरी रस्ता, सिमेंटचा कोबा अशा गडद-फिकट जागा जमिनीवरून मोजायच्या. पद्धत भरवशाची, पण सगळीकडची हवा सारखीच आहे असं ती धरून चालते. घाटात पायथ्यावर हवेचा थर माथ्यापेक्षा जाड असतो.

2. चित्रावरूनच अंदाज: 'क्वॅक' ही पद्धत झटपट होते. मात्र चित्रात माती, छपरं, पिकं असं वैविध्य लागतं. नुसतंच जंगल असेल तर ती फसू शकते.

3. भौतिकशास्त्राचं गणित: 'फ्लॅश', 'ॲट्रेम' या पद्धती प्रत्येक पिक्सेलवरची वाफ वेगळी काढतात. त्यासाठी उड्डाणाची वेळ, उंची, सूर्याचा कोन लागतो आणि कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन चोख असावं लागतं.

मग येडशीसाठी काय योग्य?

घाट आणि सलग झाडी पाहता मुख्य काम तिसऱ्या पद्धतीनं करावं आणि पडताळणीला जमिनीवरची मोजमापं घ्यावीत. पानातलं पाणी मोजायचं असल्यानं वाफ आणि पाणी यांचा हिशेब एकत्रच सोडवणं उत्तम.

त्यामुळे 'जंगल सुकतंय' असा रंगीत नकाशा व्हायरल झाला, तर दोन प्रश्न जरूर विचारा. हवेची दुरुस्ती कोणत्या पद्धतीनं केली? आणि जमिनीवर जाऊन कुणी तपासलं का?