'शॅल' आणि 'विल'

इंग्रजी भविष्यकाळाचा धडा आला, कीं आपला विद्यार्थी अडखळतो. मराठींत 'मी जाईन', 'तो जाईल' एवढ्यानें काम भागतें. इंग्रजींत मात्र 'शॅल' घालावा कीं 'विल', हा प्रश्न उभा राहतो. दोन्ही शब्द भविष्य दाखवितात हें खरें, पण त्यांचीं मुळें निराळीं आहेत.

'विल'चा मूळ अर्थ इच्छा. मृत्युपत्राला 'विल' म्हणतात तें याच अर्थानें. 'शॅल'चा मूळ अर्थ 'देणें लागणें' असा होता. ऋण आणि अपराध या दोहोंना जर्मन भाषेंत असलेला 'शुल्ड' हा शब्द त्याच्याच कुळांतला. एकांत मनाची ओढ आहे, दुसऱ्यांत कर्तव्याचें ओझें.

जॉन वॉलिस यानें १६५३ सालच्या आपल्या व्याकरणांत या शब्दांची वाटणी करून दिली. प्रथमपुरुषीं 'शॅल' म्हणजे नुसतें भविष्यकथन आणि 'विल' म्हणजे वचन किंवा धमकी. इतर पुरुषीं नेमकें उलट. यांतलें मर्म असें, कीं स्वतःची इच्छा बोलून दाखविली म्हणजे तो निश्चय होतो आणि दुसऱ्यावर देणें लादलें म्हणजे ती आज्ञा होते. बुडणाऱ्या परक्या माणसानें हे शब्द उलटसुलट वापरले, आणि 'मी बुडणारच, मला कोणी वाचवितां कामा नये' असा अर्थ होऊन लोक काठावरच उभे राहिले, अशी एक जुनी थट्टा आहे.

आज बोलण्यांत बहुतेक सर्वत्र 'विल'च चालतो. 'शॅल' उरला आहे तो 'दार उघडूं का?' अशा प्रश्नांत आणि मुख्यतः कायद्यांत. राज्यानें कोणासही कायद्यापुढील समानता नाकारूं नये, असें सांगणाऱ्या भारतीय संविधानाच्या १४ व्या कलमांत 'शॅल नॉट' आहे. त्याचा अर्थ 'नाकारणार नाहीं' असा घेतला, तर तें नुसतें आश्वासन वाटेल; खरा अर्थ 'नाकारतां कामा नये' हा आहे.

तथापि केवळ शब्दावरून निर्णय होत नाहीं. लोकसेवा आयोगाचा सल्ला घेण्याविषयींच्या ३२० व्या कलमांतही 'शॅल' आहे. पण १९५७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तेथें तो बंधनकारक मानला नाहीं, आणि शिक्षा झालेल्या सरकारी नोकराला त्याचा आधार मिळाला नाहीं. अशा संदिग्धतेमुळेंच अमेरिकेच्या संघीय दिवाणी कार्यपद्धतीच्या नियमांतून २००७ सालीं 'शॅल' काढून टाकण्यांत आला. आज्ञेच्या ठिकाणीं 'मस्ट' आला.

म्हणून इंग्रजी करारपत्रांत 'शॅल' दिसला, तर सही करण्यापूर्वी क्षणभर थांबावें आणि तेथें कोणाकडे कोणतें देणें येतें, हें नीट पाहावें.